सिस्टिम मॉनिटरमधले बग आणि नवी फीचर: कोकणातून हातभार लावणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लिनक्स डेस्कटॉपवर सीपीयू, मेमरी, डिस्क, नेट आणि बॅटरी यांचं काय चाललंय ते दाखवणारा प्रोग्रॅम म्हणजे सिस्टिम मॉनिटर. असे बरेच मॉनिटर ओपन सोर्स आहेत आणि त्यात दुरुस्ती करायला कुणाचीही आडकाठी नाही. रत्नागिरी, कुडाळ, दापोली, लोणेरे अशा ठिकाणांहून जी मंडळी मला याबद्दल विचारतात, त्यांचे प्रश्न बहुतेक सारखेच असतात. म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतोय.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण खालची निम्मी उत्तरं तिच्यावर उभी आहेत. मॉनिटरने दाखवलेला आकडा खरा असला पाहिजे, आणि जिथे आकडा कळत नाही तिथे "कळत नाही" असंच दिसलं पाहिजे. ग्राफ, रंग, ॲनिमेशन हे त्यानंतर.

सुरुवात कोणत्या मॉनिटरपासून करू?

तुम्ही रोज जो उघडता त्यापासून. ग्नोम डेस्कटॉपचा सिस्टिम मॉनिटर सी प्लस प्लसमध्ये आहे आणि बरेचसे आकडे लिबजीटॉप या वेगळ्या सी लायब्ररीकडून घेतो. त्यामुळे चूक मॉनिटरची की लायब्ररीची हे आधी तपासावं लागतं. केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपवर प्लाझ्मा ५.२१ या आवृत्तीपासून, म्हणजे फेब्रुवारी २०२१ पासून, जुन्या केसिसगार्डच्या जागी प्लाझ्मा सिस्टिम मॉनिटर आला. त्याचा दर्शनी भाग क्यूएमएल या खिडक्या मांडण्याच्या भाषेत आहे, तेव्हा वेब डिझाइन शिकलेल्यांना तो लवकर उमगतो. मिशन सेंटर रस्टमध्ये लिहिलेला आहे. एक्सएफसीईचा टास्क मॅनेजर सीमध्ये आणि आकाराने लहान आहे. पहिल्यांदाच दुसऱ्याचा कोड उघडणाऱ्याला मी तोच सुचवतो.

एचटॉप टर्मिनलमध्ये चालतो, डेस्कटॉपवरच्या खिडकीत नाही. पण २००४ पासून घासूनपुसून घेतलेला तो कोड आहे आणि २०२० पासून नव्या मेन्टेनर (प्रोजेक्ट सांभाळणाऱ्या) मंडळींनी तो नेटाने चालवला आहे. "हा आकडा इतरांनी कसा काढला असेल?" असं वाटलं की मी आधी तिथे बघतो.

माझा लॅपटॉप जुना आहे, चार जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क. जमेल का?

जमेल. संपूर्ण डेस्कटॉप बिल्ड करायची, म्हणजे कोडवरून तयार करायची, गरज नसते. आपल्या डिस्ट्रोची (वापरत असलेल्या लिनक्सची) डेव्हलपमेंट पॅकेजं घाला आणि फक्त मॉनिटर बिल्ड करा. रॅम कमी पडली तर निंजा या बिल्ड करणाऱ्या साधनाला एका वेळी दोनच कामं करायला सांगा.

शिवाय असं मशीन असणं ही इथे जमेची बाजू आहे. भारी मशीनवर काम करणाऱ्या डेव्हलपरला मॉनिटर उघडायला लागणारे चार सेकंद कधी दिसतच नाहीत. आंब्याच्या पॅकहाऊसमधला, तालुक्याच्या सेतू केंद्रातला किंवा शाळेच्या लॅबमधला जुना संगणक अजून कामावर आहे. त्याच्यावर दिसणारे बग तुम्ही कळवले नाहीत तर ते कुणालाच कळणार नाहीत.

रेंज मध्येच जाते. गिट क्लोन अर्ध्यावर तुटतं आणि परत पहिल्यापासून सुरू होतं. काय करावं?

गिट म्हणजे कोड आणि त्याचा इतिहास सांभाळणारं साधन, क्लोन म्हणजे तो सगळा आपल्या मशीनवर उतरवून घेणं. क्लोन तुटलं की जिथे होतं तिथून पुढे सुरू होत नाही, ही गिटची खरीच अडचण आहे. उपाय असा: आधी डेप्थ एक ठेवून क्लोन करा, म्हणजे फक्त शेवटचा कमिट (कोडची नोंदवलेली स्थिती) येतो आणि डाउनलोड पुष्कळ कमी होतं. मग रेंज बरी असेल तेव्हा फेच करताना डीपन हा पर्याय वापरून इतिहास टप्प्याटप्प्याने खाली आणा. एखादा टप्पा तुटला तर तेवढाच परत करावा लागतो.

दुसरा उपाय गिट बंडलचा. ज्याच्याकडे चांगलं नेट आहे त्याने पूर्ण रेपॉझिटरीची (कोड आणि त्याचा इतिहास) एकच बंडल फाइल करायची आणि पेनड्राइव्हवर द्यायची. त्या फाइलवरून क्लोन करता येतं आणि नंतर फक्त नवे कमिट नेटवरून आणता येतात. गणपतीला मुंबई-पुण्याहून येणाऱ्या चाकरमान्यांपैकी कुणी या क्षेत्रातलं असेल तर आधीच फोन करून सांगून ठेवा.

काम करताना लाइट गेली आणि आता गिट म्हणतं की ऑब्जेक्ट फाइल रिकामी आहे.

कमिट झाला, पण डिस्कवर पूर्ण उतरण्याआधी वीज गेली, असा त्याचा अर्थ. घाईने काही पुसू नका. आधी अख्ख्या फोल्डराची कॉपी करा, मग गिट एफएससीके चालवून कोणत्या फाइली खराब आहेत ते बघा, रिकाम्या ऑब्जेक्ट फाइली काढा आणि सर्व्हरवरून परत फेच करा. जे कमिट सर्व्हरवर कधी गेलेच नव्हते ते असे परत येत नाहीत. पण तुम्ही बदललेल्या सोर्स फाइली फोल्डरात असतात, त्यांवरून नवा कमिट करता येतो. गिटच्या २.३६ या आवृत्तीपासून डिस्कवर पक्कं लिहून घेण्याची सेटिंग अधिक बारकाईने करता येते. बिनबॅटरीच्या डेस्कटॉपवर ती जरूर चालू करा.

आणि अर्धवट काम असलं तरी ब्रँच (तुमच्या कामाची वेगळी शाखा) रोज सर्व्हरवर ढकला. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, जुलै २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली गेलं. ज्या घरात पाणी शिरलं तिथे लॅपटॉपबरोबर त्यातलं कामही गेलं.

मॉनिटर हे आकडे आणतो कुठून?

लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, प्रोक आणि सिस या दोन फोल्डरांत आपली माहिती साध्या मजकुरासारखी उघडी ठेवतो. या फाइली डिस्कवर नसतात. वाचायला जाल त्या क्षणी कर्नल त्या तयार करून देतो. प्रोकमधल्या स्टॅट फाइलमध्ये सीपीयूचा हिशेब, मेमइन्फोमध्ये मेमरीचा, नेट-डेव्हमध्ये नेटवर्कचा, आणि प्रत्येक प्रोसेसच्या नंबराचा एकेक फोल्डर. तापमान आणि बॅटरी सिसमध्ये.

यातला कळीचा मुद्दा असा की सीपीयूचा टक्का कर्नल देतच नाही. तो देतो मशीन सुरू झाल्यापासूनची बेरीज: युजर कामात इतका वेळ, सिस्टिम कामात इतका, रिकामा इतका. घराच्या लाइट मीटरवर जसा महिन्याचा वापर लिहिलेला नसतो, दोन रीडिंगमधला फरक काढावा लागतो, तसंच इथे. एका सेकंदाच्या अंतराने दोनदा वाचायचं, फरक काढायचा, एकूण फरकाने भागायचं. नेटचा वेग, डिस्कचा वेग, प्रोसेसचा सीपीयू, सगळे याच पद्धतीने निघतात. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचे बरेच बग आपोआप दिसू लागतात.

सीपीयूचा टक्का मध्येच ऋण होतो किंवा अब्जावधीत जातो. का?

फरक काढण्यात गडबड असते. कारणं तीन-चार ठरलेली आहेत.

पहिलं म्हणजे "बेरीज कधी कमी होत नाही" हे गृहीत धरणं. स्टॅट फाइलमधला आयओवेट (डिस्कची वाट बघण्यात गेलेला वेळ) हा आकडा काही परिस्थितीत कमी होऊ शकतो, असं कर्नलच्या दस्तावेजातच लिहिलेलं आहे. कोडमध्ये तो अनसाइन्ड, म्हणजे उणे न होणाऱ्या, संख्येत ठेवला असेल तर लहानातून मोठा वजा होतो आणि उत्तर भलतंच प्रचंड येतं. नवा आकडा जुन्यापेक्षा लहान असेल तर फरक शून्य धरा.

दुसरं, घड्याळ. दोन वाचनांमधला वेळ भिंतीवरच्या वेळेप्रमाणे मोजला आणि त्याच क्षणी इंटरनेटवरून घड्याळ दुरुस्त झालं, तर मध्ये उणे वेळ गेल्यासारखं होतं. बरेच तास बंद राहिलेला, घड्याळ चालू ठेवणारा सीमॉसचा सेल संपलेला डेस्कटॉप सुरू केला आणि नेट आलं की हे हमखास घडतं. आपल्याकडे असे डेस्कटॉप कमी नाहीत. वेळ मोनोटॉनिक घड्याळाने मोजावी, ते मागे जात नाही.

तिसरं, गेस्टचा वेळ दोनदा मोजणं. व्हर्च्युअल मशीन चालवण्यात गेलेला वेळ युजरच्या आकड्यात आधीच धरलेला असतो. तो परत मिळवला की टक्के चुकतात.

आणि चौथं, फार घाई. बहुतेक मशीनवर हा हिशेब सेकंदाच्या शंभराव्या भागात होतो. कुणी रिफ्रेश सेकंदाला दहा वेळा केला तर प्रत्येक वाचनात एका कोअरचे (प्रोसेसरच्या एका गाभ्याचे) जेमतेम दहा ठोके येतात आणि ग्राफ दहा-दहा टक्क्यांच्या उड्या मारतो. इथे कोड चुकीचा नाही, मागणी अवास्तव आहे. रिफ्रेशला किमान मर्यादा घालणं हीच दुरुस्ती.

एकाच प्रोसेसला ४०० टक्के सीपीयू दिसतो. हा बग आहे का?

नाही. एक कोअर पूर्ण म्हणजे १०० टक्के, अशी ती पद्धत आहे. चार कोअर पूर्ण वापरले की ४००. काही मॉनिटर एकूण कोअरच्या संख्येने भागतात. ग्नोमच्या मॉनिटरमध्ये त्यासाठी सेटिंग आहे. बग तेव्हा, जेव्हा एकाच खिडकीत दोन ठिकाणी दोन पद्धती वापरलेल्या असतात.

काहीच उघडलेलं नाही, तरी मेमरी भरलेली दिसते.

मोकळी रॅम लिनक्स वाया घालवत नाही. वाचलेल्या फाइली तो कॅशमध्ये ठेवतो आणि प्रोग्रॅमला जागा लागली की लगेच सोडतो. म्हणून "फ्री" हा आकडा बघून घाबरू नये. २०१४ च्या ३.१४ या कर्नलपासून मेमइन्फोमध्ये मेमअव्हेलेबल अशी ओळ असते. नव्या प्रोग्रॅमला स्वॅप (रॅमऐवजी वापरलेली डिस्कवरची जागा) न वापरता अंदाजे किती मेमरी मिळेल हे ती सांगते. मॉनिटरने हाच आकडा वापरावा. फ्री, बफर आणि कॅश यांची स्वतः बेरीज करणारा कोड दिसला तर तो बदलण्याचा पॅच (दुरुस्तीचा कोड) पाठवा, चांगली पहिली दुरुस्ती होईल.

प्रोसेसनिहाय मेमरी हा याहून अवघड भाग. आरएसएस या आकड्यात अनेक प्रोसेसनी वाटून घेतलेली मेमरी प्रत्येकाच्या नावावर पूर्ण लागते. त्यामुळे ब्राउझरच्या सगळ्या प्रोसेसची बेरीज करायला गेलात तर ती कधी कधी लॅपटॉपमधल्या रॅमपेक्षा जास्त येते. पीएसएस हा आकडा सामायिक मेमरी वाटून मांडतो. तो जास्त न्याय्य आहे, पण काढायला कर्नलला बरंच काम पडतं. शेकडो प्रोसेससाठी दर सेकंदाला तो मागणं बरोबर नाही. वापरणाऱ्याने एखादी प्रोसेस उघडून तपशील मागितला तरच काढावा.

मे महिन्यात सीपीयू ४० टक्केच दिसतो, तरी मशीन रडतखडत चालतं. मॉनिटर खोटं सांगतो का?

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण यात मॉनिटरचा आकडा अचूक असूनही माणसाची दिशाभूल होते.

सीपीयूचा टक्का म्हणजे किती वेळ काम चालू होतं, किती काम झालं ते नव्हे. पत्र्याच्या खोलीत, भर दुपारी, पंख्याच्या जाळीत धूळ साचलेली असेल तर प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी वेग खाली आणतो. तीन गिगाहर्ट्झवरचा ४० टक्के आणि ८०० मेगाहर्ट्झवरचा ४० टक्के यांत जवळजवळ चौपट फरक आहे, पण ग्राफ दोन्हींचा सारखाच. त्यात चार कोअरच्या मशीनवर एकच कोअर पूर्ण अडकलेला असेल तर एकूण आकडा २५ टक्केच दिसतो.

म्हणून टक्क्याच्या शेजारी सध्याचा वेग आणि तापमान दाखवणं हे खऱ्या उपयोगाचं फीचर आहे. आपल्या दमट, उकाड्याच्या किनाऱ्यावर तर जास्तच. वेग सिसमधल्या सीपीयूफ्रेकच्या फाइलींत मिळतो. तापमान हार्डवेअर मॉनिटरच्या फोल्डरात, सेल्सियसच्या हजाराव्या भागात: ७२००० म्हणजे ७२ अंश. एक खबरदारी घ्या. या फोल्डरांचे क्रमांक पक्के नसतात. आज शून्य क्रमांकावर असलेला सेन्सर रीबूटनंतर दोनवर गेलेला असू शकतो. प्रत्येक फोल्डरात नावाची फाइल असते, ती वाचून ओळख पटवा. क्रमांक कोडमध्ये लिहून टाकलेला दिसला तर तो बगच.

डिस्क मंद असेल तर लोड ॲव्हरेजही (कामासाठी रांगेत असलेल्या प्रोसेसची सरासरी) बघायला सांगा. लिनक्समध्ये १९९३ पासून त्यात डिस्कसाठी ताटकळलेल्या प्रोसेसही मोजल्या जातात. सीपीयू रिकामा आणि लोड वाढलेला, हे चित्र म्हणजे बहुधा हार्ड डिस्कची तक्रार.

बॅटरीवर किती वेळ निघेल हे दाखवणारं फीचर घालायचंय. कठीण आहे का?

गणित सोपं, हार्डवेअर विचित्र. काही लॅपटॉप उरलेली ऊर्जा आणि सध्याचा वापर सांगतात, मायक्रोवॉट-तास आणि मायक्रोवॉटमध्ये. तिथे भागाकार केला की तास मिळाले. इतर काही लॅपटॉप चार्ज आणि करंट देतात, मायक्रोॲम्पिअर-तास आणि मायक्रोॲम्पिअरमध्ये. तिथे वॉट दाखवायचे तर व्होल्टेजने गुणावं लागतं. पहिल्या प्रकारच्या फाइली मिळाल्या नाहीत म्हणून शून्य वॉट छापणारा कोड मी बघितला आहे. काही ड्रायव्हर डिस्चार्ज होताना करंट उणे देतात, म्हणून चिन्ह सोडून किंमत घ्या. शक्य असेल तर यूपॉवर या सेवेकडूनच माहिती मागा, यातली पुष्कळ हाताळणी तिने आधीच केलेली आहे.

क्षणाच्या वापरावरून वेळ काढला तर तो सतत नाचतो. व्हिडिओ लावला की एक तास, थांबवला की चार. मिनिट-दोन मिनिटांची सरासरी घ्या. आणि चार्जर नुकताच काढला असेल तर पहिली काही सेकंदं वेळ दाखवूच नका.

इथल्या पावसाळ्यासाठी हे फीचर मोलाचं आहे. संध्याकाळी लाइट गेली आणि फॉर्म भरायची शेवटची तारीख आज असेल, तर "१ तास १० मिनिटं" हा आकडा चुकीचा असून चालत नाही.

लाइट गेली की मॉनिटरने लगेच सांगावं, असं करता येईल?

चार्जर थेट घरातल्या लाइनवर असेल तर येईल, ॲडॉप्टर चालू-बंद झाल्याचं सिसमध्ये दिसतं. चार्जर इन्व्हर्टरच्या लाइनवर असेल तर लॅपटॉपला काही कळत नाही, त्याच्या दृष्टीने वीज चालूच असते. यूएसबीने जोडता येणारा यूपीएस असेल तर यूपॉवर किंवा नेटवर्क यूपीएस टूल्समधून माहिती मिळू शकते. हा फरक फीचरच्या वर्णनात स्पष्ट लिहा.

कनेक्शन १०० एमबीपीएसचं, मॉनिटरमध्ये १२ च्या वर जात नाही. फसवणूक?

नाही. कनेक्शन बिटमध्ये विकतात, मॉनिटर बहुधा बाइटमध्ये दाखवतो. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून १०० मेगाबिट म्हणजे १२.५ मेगाबाइट. त्यात १००० ची पट घ्यायची की १०२४ ची, यावरून आकडा थोडा आणखी बदलतो. मॉनिटरने एकक पूर्ण लिहावं आणि निवड वापरणाऱ्यावर सोडावी.

वेग दुप्पट दिसत असेल तर तो मात्र बग असू शकतो. व्हीपीएन चालू असताना तोच डेटा व्हीपीएनच्या आभासी कार्डावर आणि खऱ्या वायफाय कार्डावर असा दोनदा मोजला जातो. कंटेनर वापरणाऱ्यांकडे ब्रिज या आभासी जोडणीचीही भर पडते.

मराठी नावाचा प्रोग्रॅम यादीत तुटका दिसतो.

हा बग तुम्हीच काढायला हवा, कारण तो इतरांना दिसणारच नाही.

कर्नल प्रोसेसचं नाव जास्तीत जास्त १५ बाइट ठेवतो. रोमन अक्षराला एक बाइट लागतो, म्हणून तिथे पंधरा अक्षरं बसतात. देवनागरीचं प्रत्येक अक्षर, मात्रा, अनुस्वार यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइट घेतं, म्हणजे पाचच चिन्हं. "हापूस" मध्ये ह, काना, प, उकार, स अशी पाच चिन्हं आहेत, बरोबर १५ बाइट, काठोकाठ बसलं. आता एखाद्या पॅकहाऊससाठी कुणी "पेटी-हापूस" नावाची स्क्रिप्ट केली. "पेटी"चे १२, जोडरेषेचा एक, एकूण १३. उरले दोन, आणि "ह" ला हवेत तीन. कर्नल बाइट मोजून कापतो, अक्षर बघत नाही. "ह" मधोमध तुटतो.

असा तुटका मजकूर जीटीके या लायब्ररीने बनवलेल्या खिडकीत पाठवला की अक्षरं मांडणारी पँगो लायब्ररी इशारा देते आणि नाव नीट उमटत नाही. पायथनमध्ये लिहिलेलं साधन असेल तर डीकोड करतानाच कोलमडतं. दुरुस्ती दोन पायऱ्यांची: मजकूर दाखवण्याआधी वैध करून घ्या, जीलिबमध्ये त्यासाठी तयार फंक्शन आहे, आणि पूर्ण नाव हवं असेल तर प्रोसेसच्या सीएमडीलाइन फाइलमधून घ्या.

नावाशीच जोडलेला आणखी एक जुना बग. प्रोसेसच्या स्टॅट फाइलमध्ये नाव कंसात असतं आणि त्यानंतर जागा सोडून बाकीचे आकडे. नावातच जागा किंवा कंस असला की भोळा कोड एक रकाना सरकतो आणि पुढचे सगळे आकडे चुकतात. सिस्टिमडी (मशीनवरच्या सेवा सुरू करून सांभाळणारा प्रोग्रॅम) वापरणाऱ्या मशीनवर एसडी-पॅम नावाची प्रोसेस असते, तिच्या नावातच कंस आहेत, तेव्हा चाचणीसाठी दूर जावं लागत नाही. ओळीतला शेवटचा बंद कंस शोधा आणि त्यापुढून वाचा.

"एंड प्रोसेस" दाबल्यावर भलतीच प्रोसेस बंद होऊ शकते का?

क्वचित, पण हो. प्रोसेसचे नंबर संपले की कर्नल जुने नंबर परत वापरतो. यादीत दिसणारी प्रोसेस तोवर संपलेली असेल आणि तोच नंबर दुसरीला मिळाला असेल, तर बंद होण्याचा सिग्नल तिला जाईल. म्हणून नंबराबरोबर सुरू झाल्याची वेळही जपून ठेवावी आणि सिग्नल पाठवण्याआधी ती जुळते का पाहावं. त्यातही तपासणी आणि सिग्नल यांच्यामध्ये निमिषभर फट राहते. २०१९ च्या ५.३ कर्नलपासून पीआयडीएफडीने (नंबराऐवजी नेमक्या त्या प्रोसेसलाच धरणाऱ्या दुव्याने) ती बुजवता येते.

कायम डिस्कसाठी अडकलेली प्रोसेस कुठल्याही सिग्नलने लगेच मरत नाही. त्याला मॉनिटर जबाबदार नाही.

दुसऱ्या युजरच्या प्रोसेसचं डिस्क वाचन शून्य दिसतं.

ती माहिती वाचायची परवानगीच नसते. तिथे शून्य छापणं म्हणजे न पाहिलेल्या गोष्टीची साक्ष देणं. आडवी रेष दाखवा. फ्लॅटपॅक या बंदिस्त पॅकेजमध्ये चालणाऱ्या मॉनिटरलाही अशाच मर्यादा येतात. बाहेरच्या प्रोसेस पाहायला त्याला वेगळी वाट काढून द्यावी लागते.

मॉनिटर स्वतःच दहा टक्के सीपीयू खातो.

प्रोग्रॅम कर्नलकडे काय मागतो ते दाखवणारा एसट्रेस (strace) आणि वेळ मोजणारा पर्फ (perf) लावून बघा, वेळ कुठे जातो ते दिसतं. बहुतेक वेळा तीनपैकी एक कारण निघतं: दर फेरीत प्रत्येक प्रोसेसच्या नको तेवढ्या फाइली उघडणं, न बदललेली रांगही परत रंगवणं, किंवा खिडकी मिनिमाइझ असतानाही मोजत बसणं. तिसरं सुधारलं तर बॅटरीवर चालणाऱ्या प्रत्येकाला लगेच फायदा होतो.

बग रिपोर्ट इंग्रजीत लिहायला संकोच वाटतो.

छोटी वाक्यं लिहा. काय केलं, काय दिसायला हवं होतं, काय दिसलं. डिस्ट्रो, कर्नल आणि मॉनिटरची आवृत्ती द्या. प्रोग्रॅम कोसळला असेल तर डीबग सिम्बॉल घालून बॅकट्रेस (कोसळताना कोड कुठे होता त्याची यादी) जोडा. मेन्टेनर व्याकरण तपासत नाहीत, त्यांना बग आपल्या मशीनवर परत घडवता आला पाहिजे.

एकच काळजी घ्या. प्रोसेसची अख्खी यादी जशीच्या तशी चिकटवू नका. कमांडच्या ओळीत कधी कधी पासवर्ड, ग्राहकाचं नाव, फाइलींची नावं असतात. महा ई-सेवा केंद्रासारख्या ठिकाणचं मशीन असेल तर स्क्रीनशॉटही दोनदा बघून पाठवा.

आधीच्या आवृत्तीत चालत होतं, आता बिघडलंय. कुठे शोधू?

गिट बायसेक्ट. चालणारा एक कमिट आणि बिघडलेला एक कमिट सांगा, तो मधला काढून देतो, तुम्ही बिल्ड करून "बरा" किंवा "वाईट" सांगता. हजार कमिटमधून साधारण दहा फेऱ्यांत दोषी सापडतो. कोड एक ओळही न कळणाऱ्याला हे जमतं आणि मेन्टेनरला याहून चांगली मदत दुसरी नाही. यासाठी पूर्ण इतिहास लागतो, तेव्हा वर सांगितलेलं डीपन आधी उरका.

फीचर आधी लिहू की आधी विचारू?

बग असेल तर थेट पॅच पाठवला तरी चालतो. फीचर असेल तर आधी विचारा. प्रत्येक नवी सेटिंग पुढची कित्येक वर्षं कुणीतरी सांभाळायची असते, भाषांतरायची असते, तपासायची असते. मेन्टेनर "नको" म्हणाले तर त्यामागे बहुधा हेच असतं. एका मर्ज रिक्वेस्टमध्ये (बदल सामील करण्याच्या विनंतीत) एकच बदल ठेवा. जाता जाता सगळ्या फाइलींतली इंडेंटेशन नीट केली तर खरा बदल त्यात हरवतो. आधीचा आणि नंतरचा स्क्रीनशॉट जोडा.

आठवडा झाला, रिव्ह्यू नाही.

बरेच मेन्टेनर नोकरी सांभाळून हे करतात. दोन-तीन आठवड्यांनी एकदा नम्रपणे आठवण करा. तोवर दुसऱ्या कुणाचा पॅच आपल्या मशीनवर चालवून निकाल कळवा. रांग त्यानेच पुढे सरकते.

कोड नको, मराठी भाषांतर करायचंय.

पीओ फाइली घ्या, प्रोग्रॅममधली वाक्यं आणि त्यांची भाषांतरं त्यांत असतात. ग्नोमचं भाषांतर डॅम्ड लाइज या साइटवरून चालतं. काम करताना एखादं वाक्य तुकडे जोडून बनवलेलं आढळलं, म्हणजे मराठीत क्रियापद शेवटी नेताच येत नाही असं, तर तो कोडमधला बग म्हणून नोंदवा.

यातून पैसे मिळतात का?

थेट, क्वचितच. गूगल समर ऑफ कोड हा मानधन देणारा कार्यक्रम २००५ पासून चालू आहे आणि २०२२ पासून विद्यार्थी नसलेल्या नवशिक्यांनाही खुला आहे. ग्नोम, केडीई त्यात भाग घेत आले आहेत. अर्ज करण्याआधी त्या प्रोजेक्टमध्ये थोडे पॅच गेलेले असले की निवड सोपी होते.

या आठवड्यात करण्यासारखं एखादं काम सांगा.

वर दिलेली "पेटी-हापूस" स्क्रिप्ट बनवा, आत नुसतं पाच मिनिटं थांबायची आज्ञा असली तरी पुरे, आणि ती चालू ठेवून तुमच्या मॉनिटरची यादी बघा. मग चार्जर काढून बॅटरीचे वॉट खरे वाटतात का ते पाहा. मग लॅपटॉप अर्धा तास सस्पेंड करून उठवा आणि नेटच्या ग्राफमध्ये खोटी उसळी येते का ते तपासा. यांपैकी काही बिघडलेलं दिसलं तर आधी तो बग कुणी नोंदवलाय का ते शोधा. नसेल तर नोंदवा, आणि त्याच पानावर "मी यावर काम करतोय" किंवा "करतेय" असं लिहून टाका.